चेलो आणि पियानो : आधुनिक चेंबर संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी?

मंद्रसप्तक

पाश्चात्य शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणारे बरेच जण १९०० च्या आसपास येऊन थांबतात. बाख होतो, बेथोव्हन होतो, ब्राम्सपर्यंत मजा येते. पुढचं काही लावलं की 'यात चाल कुठे आहे?' म्हणून बंद. हा धागा त्यांच्यासाठी आहे. जे थांबले नाहीत त्यांनी भर घालावी, हाही हेतू आहेच.

माझं म्हणणं असं की आधुनिक संगीतात शिरायचं तर ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरा सध्या राहू द्या. मोजक्या वाद्यांचं चेंबर संगीत घ्या, त्यातही चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जाचं वाद्य) आणि पियानो, एवढी दोनच वाद्यं. कारण या दोघांचा स्वभाव मुळातच जुळत नाही. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. पेडलने तो लांबवता येतो, पण पुन्हा मोठा करता येत नाही. चेलोचा सूर गजावर, म्हणजे तारेवर ओढायच्या बोवर, चालतो. तो कुठूनही न आल्यासारखा सुरू होऊ शकतो, मध्येच वाढू शकतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो. पियानोचे सूर ठरलेले, चेलोला पडदेच नाहीत. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांनी ही दरी बुजवायचा प्रयत्न केला. विसाव्या शतकातल्या उत्तम रचनांमध्ये ती दरीच ऐकवली जाते. म्हणून चाल शोधत बसू नका, दोघांचं आपसात काय चाललंय ते ऐका. एवढं केलं तरी अर्धं काम होतं.

पहिली रचना : फ्रेंच संगीतकार देब्यूसीचा चेलो सोनाटा (काही भागांची वाद्यरचना), १९१५. जेमतेम ११-१२ मिनिटं. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि देब्यूसी आजारी होता. वेगवेगळ्या वाद्यांसाठी सहा सोनाटे लिहायचं त्याने ठरवलं होतं. तीनच पूर्ण झाले, १९१८ च्या मार्चमध्ये तो गेला. त्याने पियानोवादकाला दिलेली सूचना प्रसिद्ध आहे : चेलोशी झगडायचं नाही, साथ करायची. मधला सेरेनादचा भाग नीट ऐका. चेलोवादक बराच वेळ गज न वापरता बोटांनी तारा छेडतो, म्हणजे पिझिकातो. छेडलेली तार पियानोच्या सुरासारखीच लगेच विरते. आता दोघंही तुटक, कोरडे सूर टाकू लागतात आणि क्षणभर कोण काय वाजवतंय याचा गोंधळ उडतो. मग गज परत तारेवर येतो आणि चेलो पुन्हा चेलो होतो. मला हा बदल दर वेळी नव्याने आवडतो.

दुसरी : रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा सोनाटा, ओपस (म्हणजे रचना क्रमांक) ४०, १९३४. हा सगळ्यात सोपा दरवाजा, कारण इथे चाली आहेत, भरपूर आहेत. दुसऱ्या भागात चेलोवादक तारेला नुसता हलका स्पर्श ठेवून गज ओढत हात सरकवतो, त्या शिट्टीसारख्या सुरांची लाट वर जाते आणि खाली पियानो दणदणत असतो. तिसरा भाग लार्गो, म्हणजे अतिसंथ. तिथे पियानो इतकं कमी वाजवतो की चेलोला अख्खी खोली मोकळी मिळते.

तिसरी : बेंजामिन ब्रिटनचा सोनाटा, ओपस ६५, १९६१. पाच छोटे भाग, त्यांतला दुसरा पूर्णपणे पिझिकातोचा. देब्यूसी ऐकून लगेच हा ऐकलात तर एक धागा आपोआप सापडेल.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. तुम्ही कुठून सुरुवात केली होती?

काळी_चार

छान विषय, वाचनखूण साठवली. देब्यूसीच्या या सोनाट्याची एक गोष्ट सांगतात ना, चंद्रावर रुसलेल्या विदूषकाची? एका सीडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं की ती डोक्यात ठेवून ऐकावं.

जुनी_कॅसेट

ती गोष्ट एका चेलोवादकाने पसरवली. देब्यूसीला ते मुळीच आवडलं नव्हतं. विसरून जा ती. गोष्ट डोक्यात ठेवली की माणूस विदूषक शोधत बसतो आणि मंद्रसप्तक यांनी सांगितलेली गज आणि बोटांची अदलाबदल ऐकायची राहते.

शोस्ताकोविचबद्दल थोडी भर. हा सोनाटा व्हिक्टर कुबात्स्की या चेलोवादकाला अर्पण केलेला आहे आणि डिसेंबर १९३४ मध्ये लेनिनग्राडला त्या दोघांनीच तो पहिल्यांदा वाजवला. जानेवारी १९३६ मध्ये शोस्ताकोविच याच कुबात्स्कीबरोबर दौऱ्यावर असताना 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात त्याच्या ऑपेरावर तो कुप्रसिद्ध लेख आला. त्यानंतर त्याचं आयुष्य बदललं. सोनाटा त्या संकटाच्या आधीचा आहे हे लक्षात ठेवून ऐकावं, कारण अनेक लेखांत त्यातली प्रत्येक करुण जागा स्टालिनशी जोडलेली असते. १९३४ सालचा लार्गो १९३६ च्या भीतीबद्दल कसा असेल?

षड्जपंचम

मी प्रामुख्याने ख्याल ऐकतो. चेलो मनापासून आवडतो, त्याचा खर्ज तर फारच. पण पियानो सुरू झाला की मला सूर खुपतो. एकट्या चेलोत जे समाधान असतं ते जोडीत मिळत नाही. हा सवयीचा प्रश्न आहे की खरंच काही आहे?

उजवं_पेडल

खरंच काही आहे, आणि तुमचा कान बरोबर आहे. मी पियानो वाजवते, चेलोवादकांबरोबर नेहमी बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पियानो समविभाजित सप्तकात लावलेला असतो, म्हणजे एका सप्तकाचे बारा सारखे तुकडे. तुम्ही तंबोऱ्यात ऐकता तो स्वयंभू गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. पियानोवरचा गंधार त्याच्यापेक्षा सुमारे १४ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट) चढा असतो. एक श्रुती जाईल एवढा हा फरक नाही, पण लांब सुरावर तुमच्यासारख्या कानाला तो नक्की टोचणार. पंचमात मात्र फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तिथे त्रास होत नाही.

चेलोवादकाला ही तडजोड सतत करावी लागते. एकटा वाजवताना तो गंधार खाली घेतो, माझ्याबरोबर असताना वर सरकवतो. आणि कुठे सरकवायचा नाही हेही ठरवतो! सरावात आमचा निम्मा वेळ यातच जातो.

दुसरी अडचण आवाजाची. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची. तिथून वरच्या दोन सप्तकांत चेलोचं मुख्य काम चालतं आणि नेमका तिथेच पियानोचा डावा हात असतो. दोघं एकाच मजल्यावर आले की पियानो जिंकतो. म्हणून शोस्ताकोविच काय करतो पाहा : पियानोचे दोन हात लांब लांब ठेवतो, एक वर, एक खाली, बऱ्याचदा दोन्ही हातांत एकच चाल, आणि मधली जागा मोकळी. चेलो त्या जागेत राहतो. हे गायन-वादनाइतकंच वास्तुरचनेचं काम आहे.

षड्जपंचम, तुम्हाला माझ्याकडून सुचवणी : इसांग युन या कोरियन संगीतकाराची १९६४ ची 'नोरे'. युन स्वतः चेलो वाजवायचा. त्याची कल्पना अशी की एक सूर म्हणजे एक बिंदू नसतोच. सूर लावण्यापूर्वीची हालचाल, मधलं आंदोलन, सोडतानाचा वाक, हे सगळं मिळून एक सूर. तुम्हाला यात कोणी काही समजावून सांगावं लागणार नाही.

रात्रपाळी

आर्वो पॅर्टचं नाव अजून कसं आलं नाही? 'स्पीगेल इम स्पीगेल'! मूळ व्हायोलिन आणि पियानोसाठी आहे, १९७८ चं, पण चेलोवर मला जास्त भावतं. माझ्यासाठी आधुनिक संगीताचा दरवाजा तोच.

निरुत्तर

माफ करा, पण त्याला मी आधुनिक संगीताचा दरवाजा म्हणणार नाही. तो दरवाजा बाहेरच राहण्याचा आहे. जाहिराती, चित्रपट, ध्यानाच्या ध्वनिफिती, सगळीकडे तेच. शांत वाटतं म्हणून लोक ऐकतात आणि पुढे श्निट्केसारखा कठीण संगीतकार लावला की पळून जातात. कठीण संगीत कठीण म्हणूनच समोर ठेवावं असं माझं मत आहे.

मंद्रसप्तक

निरुत्तर, पॅर्टबाबत सहमत नाही. ती रचना मऊ वाटते, पण आतून फार कडक आहे. चेलो एका मधल्या सुराभोवती फिरतो. पहिल्यांदा एक पाऊल दूर जातो आणि परत येतो, मग दोन पावलं, मग तीन. खालून जातो, मग आरशातल्यासारखा वरून. पियानोचा उजवा हात पूर्ण वेळ कॉर्डचे (एकत्र जुळणाऱ्या सुरांच्या गटाचे) सुटे सूर चालू ठेवतो, एकही चुकवत नाही. चेलोवादकाला लपायला जागाच नाही. गज बदलताना सुरात जरासा जरी खळगा पडला तरी ऐकू येतो. रात्रपाळी, पुढच्या वेळी पियानोकडे लक्ष न देता फक्त मोजा की चेलोची ओळ प्रत्येक फेरीत किती लांबतेय. ऐकण्याची पद्धतच बदलते आणि नेमकी तीच सवय वेबर्नसारख्या कठीण संगीतकाराला ऐकायला लागते.

जाहिरातीत वापरलं गेलं म्हणून रचना हलकी होत नाही.

निरुत्तर

लांबत जाणाऱ्या ओळीचा मुद्दा मान्य. शिफारशीचा क्रम मात्र मी उलटाच ठेवेन : वेबर्न आधी. 'तीन छोट्या रचना', ओपस ११, १९१४. तिन्ही मिळून ३२ बार (तालाची आवर्तनं), अडीच मिनिटांच्या आसपास. वेबर्नने चेलोसाठी मोठा सोनाटा लिहायला घेतला होता, तो अर्धवट सोडला आणि हे लिहिलं. स्वतः चेलो वाजवणारा माणूस, त्यामुळे एकेका सुरासाठी वेगळी जागा : हा घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), हा तारेला नुसतं स्पर्शून, हा बोटाने छेडून. पहिली आणि तिसरी अगदी हळू आवाजातल्या, मधली एकदम अंगावर येते. आवडली नाही तर अडीच मिनिटं गेली. आवडली तर लगेच परत ऐकता येते. याहून सोयीची सुरुवात कुठली?

काळी_चार

+१. वेबर्न आत्ताच ऐकला, सलग काही वेळा. पहिल्यांदा हाती काहीच लागलं नाही. नंतर दोन सुरांमधली शांतता मोजली जातेय हे लक्षात यायला लागलं. तिसरी रचना सुरू होते आणि संपते, यात संगीत झालं का, हा प्रश्न पडायच्या आत ती संपलेली असते. पण आता ती डोक्यातून जात नाही.

जुनी_कॅसेट

मेसियाँ राहिला. 'काळाच्या अंतासाठी चौकडी' चार वाद्यांची आहे, पण तिचा पाचवा भाग फक्त चेलो आणि पियानोचा. सूचना : अनंत संथ. पियानो एकसारखे कॉर्ड देत राहतो, वर चेलो एकच लांब ओळ गातो. १५ जानेवारी १९४१ रोजी ग्योर्लिट्झच्या जर्मन युद्धबंदी छावणीत ही चौकडी पहिल्यांदा वाजली, पियानोवर स्वतः मेसियाँ, चेलोवर एतिएन पास्किए.

चेलोला तीनच तारा होत्या असं मेसियाँ पुढे सांगायचा आणि ते सगळीकडे छापलं जातं. पास्किएने मात्र चारही तारा होत्या असं ठामपणे सांगितलंय. ज्याच्या हातात चेलो होता त्याचं मी ऐकतो. शिवाय एक तार कमी करून त्या प्रसंगाचं मोल वाढतं असंही नाही. या भागाचं संगीत तर छावणीच्याही आधीचं आहे, मेसियाँने १९३७ मध्ये ते ओंद मार्तेनो या इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी लिहिलं होतं. विजेवर चालणाऱ्या, न संपणाऱ्या सुरासाठी लिहिलेली ओळ माणसाच्या हाताने, एका ठरावीक लांबीच्या गजाने वाजवायची, हे त्यातलं खरं आव्हान.

षड्जपंचम

'नोरे' ऐकली. उजवं पेडल, आभार. तुम्ही म्हणालात तसंच झालं, चेलोकडे समजावून घ्यावं असं काही नव्हतं. सूर हलतो, वाकतो, जागेवर येतो. नवल वाटलं ते पियानोचं. तो चेलोची नक्कल करायला जातच नाही. मींड त्याला घेता येत नाही, तर तो सुरांचे झुबके टाकतो आणि बाजूला होतो. मला खुपणारा गंधार इथे आलाच नाही, कारण दोघं तशा ठिकाणी भेटतच नाहीत. म्हणजे माझी तक्रार पियानोबद्दल नव्हती, दोघांना एकाच गोड कॉर्डवर उभं करण्याबद्दल होती, असं आता वाटतंय. याच वाटेवरचं आणखी काही सुचवा.

उजवं_पेडल

ताकेमित्सूची 'ओरायन', १९८४. नंतर त्याने तीच सामग्री चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी वाढवली, पण तुम्ही पियानोचीच ऐका.

आणि आता माझी सर्वांत आवडती रचना, जिच्यासाठी मी या धाग्यावर आले : एलियट कार्टरचा चेलो सोनाटा, १९४८. मंद्रसप्तक यांनी सुरुवातीला दोन वाद्यांमधली दरी ऐकवण्याबद्दल जे म्हटलंय, ते कार्टरने जवळजवळ नियम म्हणून घेतलं. पहिल्या भागात पियानो एकसारख्या ठोक्यावर चालतो, कोरडा, न थांबता. चेलो त्याच्याशी देणंघेणं नसल्यासारखा मोकळा, लांब श्वासाचा गातो, ठोक्याच्या जरा आधी, जरा नंतर. दोन माणसं एकाच रस्त्याने चाललीत, एक घड्याळाकडे बघत आणि दुसरा आपल्या विचारात. कागदावर मात्र सगळं अचूक लिहिलेलं आहे. चेलोचा तो 'मोकळेपणा' पूर्ण मोजलेला आहे. सरावात सुरुवातीला दोघांनाही वाटतं की समोरचा चुकतोय.

पुढच्या भागांमध्ये कार्टर लय बदलण्याची एक नवी रीत वापरतो. आधीच्या लयीतला एखादा आतला तुकडा, म्हणजे समजा पाचांतला एक, पुढच्या लयीचा मूळ ठोका होतो. ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही, पण वेग बदललेला असतो. लयकारीची सवय असलेल्या कानाला हे पाश्चात्य श्रोत्यांपेक्षा लवकर कळेल अशी माझी खात्री आहे. षड्जपंचम, हे तुमच्यासाठीच.

पहिला भाग त्याने सर्वांत शेवटी लिहिला हेही लक्षात घ्या. बाकीच्या भागांत काय सापडलं ते कळल्यावर त्याने दार बांधलं. आणि चौथ्या भागाच्या शेवटी सुरुवातीचं संगीत परत येतं तेव्हा भूमिका बदललेल्या असतात : ठोका चेलोकडे, गाणं पियानोकडे. विरत जाणाऱ्या सुरांच्या वाद्याला गायला लावलंय. हे वाजवताना मला अजूनही धडधडतं.

रात्रपाळी

कार्टर पहिल्याच खेपेला झेपेल असं वाटत नाही, पण हे वाचून लावणार. बाकी ब्रिटनबद्दल कोणी पुढे लिहिलंच नाही.

मंद्रसप्तक

लिहितो. सप्टेंबर १९६० मध्ये चेलोवादक रोस्त्रोपोविच लंडनला शोस्ताकोविचचा पहिला चेलो कन्चेर्टो (चेलो आणि ऑर्केस्ट्राची रचना) वाजवायला आला. ब्रिटन श्रोत्यांत होता, शोस्ताकोविचच्या शेजारी. कार्यक्रमानंतर ओळख झाली, रोस्त्रोपोविचने रचना मागितली आणि जुलै १९६१ मध्ये ऑल्डबरो महोत्सवात दोघांनी सोनाटा वाजवला. दोघांची समान भाषा म्हणजे मोडकं जर्मन. पहिल्या भागाचं नाव 'दियालोगो', संवाद, आणि तो खरोखर चाचपडत बोलल्यासारखा सुरू होतो : चेलो शेजारशेजारचे दोन सूर टाकतो, थांबतो, पुन्हा दोन सूर. अख्खा भाग त्या एका पावलाएवढ्या अंतरातून उभा राहिलाय.

रोस्त्रोपोविच हा माणूस या सगळ्या इतिहासात जागोजागी भेटतो. प्रोकोफिएव्हचा १९४९ चा सोनाटाही त्याच्यामुळेच. १९४८ च्या सरकारी ठरावात प्रोकोफिएव्हवर नाव घेऊन ठपका ठेवला होता. पुढच्याच वर्षी त्याने हा सोनाटा लिहिला आणि १ मार्च १९५० ला मॉस्कोत रोस्त्रोपोविच आणि पियानोवादक रिख्टर यांनी तो वाजवला. सुरुवातीला एकटा चेलो, अगदी खालच्या तारेवर. षड्जपंचम यांना खर्ज हवा होता, तो इथे आहे.

निरुत्तर

आता श्निट्के. पहिला सोनाटा, १९७८, नतालिया गुटमनसाठी. लार्गो, प्रेस्तो (अतिद्रुत), लार्गो, तिन्ही न थांबता. मधला प्रेस्तो म्हणजे चेलोची अखंड धावपळ, त्यात अचानक विकृत झालेला वॉल्ट्झ. पण रचनेचं वजन शेवटच्या लार्गोत आहे, तिथे वेगाचं सगळं मोडून पडलेलं सामान संथपणे उचललं जातं. पॅर्टची रचना आणि ही रचना एकाच वर्षीची आहे. दोघंही सोव्हिएत संघातलेच. रात्रपाळी, तुम्हाला पॅर्ट आवडतो ना, मग या दोन्ही लागोपाठ ऐका. माझा विरोध पॅर्टला कमी आणि तिथेच थांबण्याला जास्त होता.

गॅलिना उस्तवोल्स्कायाचं १९५९ चं 'ग्रँड ड्युएट'ही नोंदवून ठेवतो. शोस्ताकोविचची विद्यार्थिनी, पण त्याच्या चालींचा मागमूस नाही. नुसते घाव. त्यात चेलोला सुंदर वाजायची परवानगी नाही आणि तरीही मी ते अर्ध्यात सोडू शकत नाही.

काळी_चार

लांब ऐकायची तयारी असेल तर मॉर्टन फेल्डमनचं 'पॅटर्न्स इन अ क्रोमॅटिक फील्ड', १९८१. सुमारे दीड तास, तेही चेलो आणि पियानोवरच. वेबर्नचे अडीच मिनिटं आणि हे, दोन्ही याच जोडीचं आहे यावर विश्वास बसत नाही.

शेवटचा प्रश्न : शोस्ताकोविचच्या सोनाट्याचं कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं? यादीत शेकडो दिसतात.

जुनी_कॅसेट

शोस्ताकोविच स्वतः पियानोवर आहे अशी दोन घ्या : एकात दानील शाफ्रान, दुसऱ्यात रोस्त्रोपोविच. आवाज जुना आहे, चेलो थोडा अरुंद ऐकू येतो, तेवढं सहन करा. पियानोवादक एकच, रचनाकारही तोच, बदललाय फक्त चेलोवादक. लार्गोपासून सुरुवात करा आणि दोन्हींत पियानो चेलोसाठी कुठे थांबतो ते पाहा. ब्रिटनसाठी रोस्त्रोपोविचबरोबरचं १९६१ चंच घ्या, त्यावर देब्यूसीचा सोनाटाही आहे. म्हणजे मंद्रसप्तक यांच्या यादीतल्या दोन रचना एकाच ठिकाणी मिळतील.